चार वर्ल्डकप खेळला, मग कप कुठाय?

प्रश्न : आमच्या घरी वाद पेटलाय. मी रविवारी सकाळी एसएसपीएमएसच्या ग्राऊंडवर लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर खेळतो (वय ४४, पळणं कमी ओरडणं जास्त). पोराला म्हटलं जरा इटलीचा डिफेंडर पाओलो मालदिनीच्या जुन्या मॅच बघ, तर म्हणतो बाबा, त्याने इटलीसाठी जिंकलं काय? शोधलं तर खरंच काही नाही. आता काय सांगू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : कोथरूडकर, पोरगं बरोबर बोलतंय, उगाच चिडू नका. मिलान क्लबकडून ५ युरोपियन कप, पण इटलीच्या निळ्या जर्सीत १९८८ ते २००२, १२६ मॅच आणि कपाट रिकामं. फक्त तो हरला कसा ते सांगा त्याला. १९९० ला घरचाच वर्ल्डकप, सेमीफायनलला अर्जेंटिना, बरोबरी झाली आणि मॅच पेनल्टी शूटआउटवर गेली. ९४ ला थेट फायनल, ब्राझील, ०-०, परत पेनल्टी. ९८ ला फ्रान्स, परत ०-०, परत पेनल्टी, आणि तेव्हा कोच कोण तर सख्खा बाप, सेझारे मालदिनी! २००२ ला कोरियाचा गोल्डन गोल, म्हणजे एक्स्ट्रा टाइममध्ये आधी गोल पडला की मॅच तिथेच खल्लास. म्हणजे बघा, ४ वर्ल्डकपमध्ये बाद फेरीत ९० मिनिटांत हा माणूस एकदाही हरलेला नाही. डिफेंडरकडून अजून काय पाहिजे?

सगळ्यात जास्त लागलं ते मात्र २००० च्या युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या फायनलचं. इटली १-० पुढे, इंज्युरी टाइमचं चौथं मिनिट, फ्रान्सच्या विल्टोर्डने बरोबरी केली आणि मग ट्रेझेगेचा गोल्डन गोल. आपल्याकडे रात्रीचा दीड वाजून गेलेला, आई उठेल म्हणून मी तोंडात उशी कोंबून बसलेलो, सकाळी कॉलेजला गेलोच नाही.

त्याच्या चुका पण लपवू नका हं. त्याच युरोच्या सेमीफायनलला नेदरलँड्सविरुद्ध त्याची पेनल्टी अडवली होती. आणि कोरियाचा तो गोल, ११७ वं मिनिट, डावीकडून क्रॉस आला, मालदिनी उडी मारतोय आणि आन जुंग-ह्वान त्याच्या डोक्यावरून हेडर मारतोय. चौतिशीला आठवडाभर कमी असलेला माणूस, इटलीकडून शेवटची मॅच, आणि शेवट असा. ४ वर्षांनी इटलीने वर्ल्डकप जिंकला, तोही पेनल्टीवर, आणि हा टीममध्ये नाही! नशीब म्हणतात ते हेच बहुतेक.

पोराला ९४ ची फायनल पूर्ण दाखवा, हायलाइट नको, त्यात डिफेंडर दिसतच नाही. ब्राझीलचे स्ट्रायकर रोमारियो आणि बेबेटोला १२० मिनिटं गोल मिळाला नाही ते बघू दे. आणि हो, मालदिनी मूळचा उजव्या पायाचा, तरी आयुष्यभर बराचसा डावीकडे खेळला. तुमचा पाय कुठला ते लिहिलंच नाहीत.