उंदरांचे नैराश्य कमी झाले, म्हणजे नेमके काय मोजले?

‘ब्राह्मीच्या अर्काने उंदरांचे नैराश्य कमी झाले, अशी बातमी वाचली, मग वर्षभर चालू असलेली नैराश्यावरची फ्लुओक्सेटिनची गोळी बंद करून ब्राह्मीच का घेऊ नये?’ असे आपण विचारले आहे. गोळी बंद करू नका, हे आधी सांगतो. एम.फार्म.च्या प्रबंधासाठी मी याच प्रकारचे प्रयोग केले आहेत, त्यामुळे त्या बातमीमागे प्रयोगशाळेत काय घडले असेल, ते थोडे सविस्तर लिहितो.

उंदीर उदास आहे का, हे त्याला विचारता येत नाही. म्हणून १९७७ मध्ये पोर्सोल्ट या संशोधकांनी मांडलेली पोहण्याची चाचणी वापरतात. साधारण २५ अंश तापमानाच्या पाण्याने भरलेल्या उभट काचपात्रात उंदराला सोडले की तो आधी धडपडतो आणि मग नाक पाण्याबाहेर राहील एवढीच हालचाल करत तरंगत राहतो. सहा मिनिटांपैकी शेवटच्या चार मिनिटांत तो किती सेकंद असा निश्चल होता, हे स्टॉपवॉचने मोजायचे आणि मग त्याला पुसून, कोरडा करून पिंजऱ्यात ठेवायचे. इमिप्रामिन हे नैराश्यावरचे औषध दिलेल्या उंदरांत हे सेकंद घटतात, म्हणून अर्कानेही ते घटले तर त्यात नैराश्यरोधी गुण असावा, असे अनुमान काढतात. बातमीतले ‘नैराश्य’ ते एवढेच.

हे अनुमान किती सहज फसते, हे मी अनुभवले आहे. सॉक्सलेट उपकरणात पानांची भुकटी मिथेनॉलने निष्कर्षित करून, द्रावक उडवल्यावर उरलेला डिंकासारखा चिकट, काळपट हिरवा अर्क आम्ही उंदरांना दिला आणि निश्चल काळ इतका घटला की दोन दिवस आम्ही खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी तेच उंदीर हालचाल मोजणाऱ्या अ‍ॅक्टोफोटोमीटरमध्ये ठेवले, तर एकही स्वस्थ बसेना. अर्क नुसताच उत्तेजक होता. कॅफिन दिले तरी उंदीर जास्त वेळ पोहतात.

मात्रेचेही पाहा. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर प्रचलित रूपांतरानुसार (माणसासाठी किलोमागची मात्रा उंदराच्या सुमारे बाराव्या हिश्शाइतकी धरतात) ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास एक ग्रॅम अर्क लागेल, आणि भुकटीतून दहा टक्के अर्क निघतो असे धरले तर सुमारे दहा ग्रॅम चूर्ण. चमचाभर चूर्णाने तो हिशेब जुळत नाही.

नैराश्यासाठी माणसांवर सर्वाधिक तपासली गेलेली वनस्पती म्हणजे युरोपातील सेंट जॉन्स वर्ट. अमेरिकेत ३४० रुग्णांवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुख्य निकषांवर ती वनस्पती निर्गुण (औषध नसलेल्या, दिसायला सारख्या) गोळीपेक्षा सरस ठरली नाही. गंमत म्हणजे तुलनेसाठी घेतलेले सर्ट्रालिन हे नैराश्यावरचे प्रचलित औषधही ठरले नाही. उलट, उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात, २९ चाचण्या एकत्र पाहता, ती निर्गुण गोळीपेक्षा गुणकारी दिसली, मात्र जर्मनभाषक देशांतील निकाल इतरांपेक्षा जास्त अनुकूल होते. शिवाय तिच्यातील हायपरफोरिन या घटकामुळे यकृतातील औषधे मोडणारी विकरे (एन्झाइम) वाढून गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि अवयवरोपणानंतर देतात त्या सायक्लोस्पोरिनचा परिणाम घटतो, आणि फ्लुओक्सेटिनच्या जोडीने घेतल्यास सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाचा धोकादायक अतिरेक होऊ शकतो. आपल्याकडे भावनगरला हळदीतील कुरकुमिनची फ्लुओक्सेटिनशी तुलना झाली, पण रुग्ण ६० होते आणि निर्गुण गोळीचा गट नव्हता.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, असे मानणाऱ्यांना मी सर्पगंधेची आठवण करून देतो. तिने उच्च रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडले. पुढे तिच्यातील रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. रेसर्पिनने पापण्या मिटलेले, गारठलेले उंदीर पूर्ववत होतात का, हे पाहून नैराश्यावरची औषधेही तपासली गेली.

आपली गोळी मध्येच सुटली तर आजार उलटू शकतो. ब्राह्मी घ्यायचीच असेल, तर बाटली घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि चालू गोळीबरोबर ती चालेल का, हे विचारा. आत अर्क आहे की नुसते चूर्ण आणि एका कॅप्सूलमध्ये बॅकोसाइड (ब्राह्मीतील क्रियाशील घटक) किती, एवढेही बाटलीवर छापलेले नसेल, तर ती दुकानातच राहू द्या.