नोकरी गेल्यावर मिळालेली भरपाई, तिच्यावरचा कर आणि १९९७ पासून न हललेली मर्यादा

आपला प्रश्न मी पुन्हा नीट वाचला. चौदा वर्षांची नोकरी सप्टेंबरअखेर गेली, शेवटचा पगार महिना १ लाख २० हजार रुपये होता, कंपनीने १२ लाख रुपये भरपाई दिली आणि त्यातून टीडीएस कापून घेतला. आता डिसेंबर २०२५ आहे आणि मार्चपर्यंत दुसरे उत्पन्न होण्याची चिन्हे नाहीत. १२ लाखांपर्यंत कर नाही असे सांगितले जाते, संसदेने नवा आयकर कायदाही मंजूर केला, तर मग हा कर का कापला आणि नोकरी गेलेल्या माणसाचा विचार त्या चर्चेत कोणी केला की नाही, असे आपण विचारले आहे. पगारपत्रक आणि कामगारांचे अंतिम हिशेब करण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली, त्यामुळे दोन्ही भागांना सविस्तर उत्तर देतो.

प्रथम १२ लाखांविषयी. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीचे टप्पे बदलले. ४ लाखांपर्यंत कर नाही, पुढे दर ४ लाखांना ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर रिबेटमुळे, म्हणजे करातून मिळणाऱ्या सवलतीमुळे, देय कर शून्य होतो आणि पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते. मात्र हा रिबेट वर्षाच्या एकूण उत्पन्नावर ठरतो. १२ लाखांच्या जरा वर असणाऱ्यांसाठी थोडी सोय आहे; त्यापलीकडे गेलेल्या माणसाला रिबेटचा काहीच उपयोग नाही. नोकरीवरून काढताना मिळालेली भरपाई आयकर कायदा ‘पगाराच्या बदल्यात मिळालेला लाभ’ मानतो आणि ती त्याच वर्षाच्या पगारात मिळवतो. आपला सहा महिन्यांचा पगार ७ लाख २० हजार, म्हणजे वजावटीनंतर ६ लाख ४५ हजार होतो. भरपाई मिळाली नसती तर यावर एक रुपयाही कर लागला नसता. त्यात १२ लाख मिळवले की उत्पन्न १८ लाख ४५ हजारांवर जाते आणि उपकरासह १ लाख ७५ हजार ७६० रुपये कर लागतो. याच पगारावर आपण पूर्ण बारा महिने नोकरीत राहिला असता, तर वर्षाचा कर ८८ हजार १४० रुपये झाला असता. ज्या वर्षी नोकरी गेली त्या वर्षी कर जवळजवळ दुप्पट, ही गोष्ट मला कधीच पटलेली नाही.

कायद्यात यावर तोड आहे, पण ती अर्धवट आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१०ब) नुसार कामगार कपातीची भरपाई तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेइतकी करमुक्त असते: प्रत्यक्ष मिळालेली भरपाई, औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५फ प्रमाणे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, आणि केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवलेली मर्यादा. ही सूट नव्या करप्रणालीतही मिळते. अनेक कंपन्यांच्या पगार विभागांना हे ठाऊक नसते किंवा ते जबाबदारी नको म्हणून पूर्ण रकमेवर कर कापून मोकळे होतात. आपल्या बाबतीत पंधरा दिवसांचा पगार ६० हजार, गुणिले चौदा, म्हणजे ८ लाख ४० हजार रुपये होतात. पण अधिसूचित मर्यादा ५ लाख आहे, त्यामुळे सूट तिथेच थांबते. करपात्र उत्पन्न १३ लाख ४५ हजार राहते आणि कर ८५ हजार २० रुपये होतो. मर्यादा आड आली नसती आणि ८ लाख ४० हजार पूर्ण वजा झाले असते, तर उत्पन्न १० लाख ५ हजारांवर आले असते आणि रिबेटमुळे कर शून्य झाला असता. आपले ते ८५ हजार केवळ या एका आकड्यामुळे जातात.

हा ५ लाखांचा आकडा १ जानेवारी १९९७ पासून लागू आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पाने १०, २० आणि ३० टक्के असे दर आणले. तेव्हा ४० हजारांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त होते आणि दीड लाखाच्या वर ३० टक्के कर लागत असे. म्हणजे ५ लाख ही रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या साडेबारा पट होती. आज पहिला टप्पाच ४ लाखांचा आहे आणि ५ लाख त्याच्या सव्वापट भरतात. सरकार भांडवली नफ्यासाठी जो महागाई निर्देशांक जाहीर करते, तो २००१-०२ मध्ये १०० होता आणि २०२५-२६ साठी ३७६ आहे. २००१ पासूनच मोजले तरी ५ लाखांचे १८ लाख ८० हजार होतात. त्याआधीची चार वर्षे वेगळीच.

१९९९ च्या सुमारास मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात होतो. कारखान्यातला एक विभाग बंद झाला आणि कपात झालेल्या माणसांचे अंतिम हिशेब माझ्या टेबलावरून गेले. महिना ८ हजार पगार आणि पंचवीस वर्षे सेवा असलेल्या फिटरची कायदेशीर भरपाई १ लाख होत असे. एकाचीही रक्कम ५ लाखांच्या जवळपास पोचली नव्हती, आणि भरपाईवर कर कापण्याचा प्रसंग माझ्यावर एकदाही आला नाही. ती मर्यादा ठरवताना कोणत्याही सामान्य कामगाराच्या भरपाईला कर लागू नये असाच हेतू असावा, असे मी तेव्हाच्या आकड्यांवरून म्हणतो. आज चौदा वर्षे काम केलेल्या माणसाच्या भरपाईलाही ती अपुरी पडते.

आता संसदेविषयी. नवे आयकर विधेयक निर्मला सीतारामन यांनी १३ फेब्रुवारी २०२५ रोजी लोकसभेत मांडले. ते बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील ३१ सदस्यांच्या प्रवर समितीकडे गेले आणि समितीने जुलैमध्ये २८५ शिफारशी असलेला अहवाल दिला. सरकारने ८ ऑगस्टला मूळ विधेयक मागे घेतले, ११ ऑगस्टला सुधारित विधेयक आणले आणि ते त्याच दिवशी, बिहारच्या मतदारयाद्यांवरून चाललेल्या गदारोळात, काही मिनिटांत आवाजी मतदानाने संमत झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेची मंजुरी मिळाली, २१ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ एप्रिल २०२६ पासून हा कायदा लागू होईल. समितीचे काम मी कमी लेखत नाही. मुदतीनंतर रिटर्न भरणाऱ्याचा परतावा बुडेल अशी मूळ विधेयकातली तरतूद समितीमुळेच गेली, आणि ८१९ कलमांचा कायदा ५३६ कलमांवर आला. परंतु भाषा सोपी करायची, धोरणाला आणि दरांना हात लावायचा नाही, अशी मर्यादा सरकारने या कामाला सुरुवातीलाच घालून दिली होती. ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, कामगार कपातीची भरपाई आणि स्वेच्छानिवृत्ती या साऱ्या जुन्या सवलती नव्या कायद्याच्या कलम १९ मधल्या तक्त्यात नीट मांडून ठेवल्या गेल्या. त्यांतली कोणती रक्कम कालबाह्य झाली आहे हा प्रश्न समितीच्या कक्षेतच नव्हता, आणि लोकसभेत चर्चाच झाली नाही म्हटल्यावर तो तिथेही निघाला नाही.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. कपातीच्या भरपाईची मर्यादा कायद्याच्या मजकुरात लिहिलेली नाही. ती ५० हजारांपेक्षा कमी नसावी एवढे संसदेने ठरवले आणि प्रत्यक्ष आकडा अधिसूचनेवर सोडला. स्वेच्छानिवृत्तीचे ५ लाख मात्र कायद्याच्या मजकुरातच आहेत, म्हणून ते बदलायला वित्त विधेयकात दुरुस्ती लागते. दर वर्षीच्या चर्चेत वित्त विधेयकाच्या कलमांवर बोलले जाते. अधिसूचनेतला आकडा कोणत्याही विधेयकात छापलेला नसतो, म्हणून तो अठ्ठावीस वर्षे कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. शिवाय वित्त विधेयकालाही पुरेसा वेळ मिळतोच असे नाही. २०१८ साली ते लोकसभेत चर्चेविनाच संमत झाले होते. गंमत नव्हे, दुःख याचे आहे की ज्या सुधारणेला कायदादुरुस्ती लागत नाही, मंत्रालयाची एक अधिसूचना पुरते, तीच इतका काळ रखडली आहे.

हे होऊ शकते याचा पुरावा अगदी जवळचा आहे. खासगी नोकरदाराच्या रजेच्या पगारावरील सूट २००२ पासून ३ लाखांवर अडकली होती. २०२३ च्या अर्थसंकल्पीय भाषणात सीतारामन यांनी सांगितले की ही मर्यादा ठरली तेव्हा सरकारी नोकरीतला सर्वोच्च मूळ पगार महिना ३० हजार होता आणि आता पगार वाढल्यामुळे ती २५ लाख करत आहोत. त्याच मे महिन्यात अधिसूचना निघाली. ग्रॅच्युइटीची मर्यादा २०१० मध्ये १० लाख आणि २०१८ मध्ये २० लाख झाली. निवृत्त होणाऱ्याला लावलेला तर्क छाटणी झालेल्याला लावायला काय हरकत आहे, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलेले नाही.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे आणि तो टाळू नये. विजय केळकर यांच्या कृतिदलाने २००२ मध्येच सवलती काढा आणि दर सौम्य ठेवा असे सांगितले होते, आणि नवी करप्रणाली त्याच वाटेने जाते. ती दिशा मला मान्य आहे. पण घरकर्ज, विमा किंवा बचत यांवरची सवलत माणसाने अमुक ठिकाणी पैसा घालावा म्हणून दिलेली असते. छाटणीची भरपाई कोणी करासाठी निवडत नाही. पुढच्या कित्येक महिन्यांचे उत्पन्न एका दिवशी हातात पडते आणि चढत्या दरांमुळे ते वरच्या टप्प्यात ढकलले जाते. पगारच भरपाई म्हणून दाखवतील ही भीती असेल, तर वर्षाला पंधरा दिवसांची अट तिला पुरेसा लगाम घालते. वर आणखी ५ लाखांची गरज उरत नाही.

पूर्वी अशा प्रसंगी कलम ८९ चा आधार असे. किमान तीन वर्षे सेवा झालेली आणि तेवढीच शिल्लक असेल, तर भरपाईचा एक तृतीयांश भाग मागच्या तीनही वर्षांत मिळवून सरासरी दर काढायचा आणि यंदाचा दर त्याहून जास्त असेल तर फरक परत मिळवायचा, असा तो नियम आहे. आपल्याला यातून बहुधा काही मिळणार नाही. मागच्या वर्षांतही पगार जवळपास इतकाच असेल आणि तेव्हाचे टप्पे आजच्यापेक्षा कडक होते, त्यामुळे त्या वर्षांचा सरासरी दरच जास्त निघतो. तरीही नमुना १०ई भरण्यापूर्वी हिशेब एकदा करून पाहा.

आपल्या हाती आता काय आहे ते सांगतो. सर्वप्रथम कंपनीचे पत्र काढून त्यात कोणता शब्द आहे ते पाहा. आपल्याकडून राजीनामा लिहून घेतला असेल तर ही कामगार कपात ठरत नाही आणि ५ लाखांची सूटही अडचणीत येते. पुढे ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी सही करण्यापूर्वी एवढे तरी जरूर पाहावे. दुसरे, ही सूट केवळ औद्योगिक विवाद कायद्यातल्या ‘कामगारा’ला आहे. पदनाम मॅनेजर असले तरी प्रत्यक्ष काम व्यवस्थापनाचे होते की तांत्रिक, याला महत्त्व असते, आणि पर्यवेक्षकाचे काम असेल तर पगाराची अट आड येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, पण आपली नोकरी त्याआधी गेली, म्हणून जुनाच कायदा पाहायचा. आपण कामगार ठरत असाल तर कंपनीने पूर्ण रकमेवर टीडीएस कापला असला तरी रिटर्नमध्ये सूट मागून परतावा घेता येतो. हे उत्पन्न ३१ मार्च २०२६ पूर्वीचे असल्यामुळे रिटर्न १९६१ च्या कायद्याप्रमाणेच भरायचे आहे. नियुक्तीपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, कामाचे स्वरूप दाखवणाऱ्या ईमेल आणि भरपाईचा तपशील एकत्र ठेवा. ग्रॅच्युइटी आणि रजेचा पगार भरपाईत मिसळून दाखवले असतील तर कंपनीकडून वेगळे करून मागा, कारण त्यांना स्वतंत्र आणि मोठी सूट आहे.

आणि १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पापूर्वी आपल्या खासदारांना एक पान लिहा. कायदा बदला असे लिहू नका. कपातीच्या भरपाईची अधिसूचित मर्यादा १९९७ पासून का वाढवली नाही, एवढा एकच प्रश्न लोकसभेत लेखी विचारावा किंवा नियम ३७७ खाली, म्हणजे खासदाराला सभागृहात मुद्दा मांडू देणाऱ्या नियमाखाली, मांडावा, अशी विनंती करा आणि सोबत वरचा ८५ हजार २० रुपयांचा हिशेब जोडा. मी माझे पत्र गेल्या आठवड्यात पाठवले आहे. मसुदा हवा असेल तर इथेच सांगा, उद्या देतो.