वाचकांचे प्रश्न : येळवशीची पंगत, उसाचा फड आणि चर्चमधली पेटी

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांकडून, म्हणजे चर्चच्या समुदायांकडून, आलेल्या पत्रांतली पाच या वेळी घेतली आहेत. पत्रं आटोपशीर केली आहेत, प्रश्न तेच ठेवले आहेत.

आमचं शेत औसा तालुक्यात. घर तीन-चार पिढ्यांचं ख्रिस्ती. येळवशीला (वेळ अमावस्येला) शेजारी जेवायला बोलावतात. आता मुलं म्हणतात, आपणही आपल्या शेतात चार माणसं बोलवू. मंडळीतल्या थोरांचं म्हणणं, हा मूर्तिपूजेचा सण, तिकडे फिरकूच नये. काय करावं?

लातूर-धाराशिवकडे येळवशीला गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. त्या दिवशी घरात बसलेलं कुटुंब लगेच नजरेत येतं. मार्गशीर्षातली ही अमावस्या डिसेंबर-जानेवारीत, नाताळच्या आगेमागे येते. म्हणजे पंधरा दिवसांच्या अंतराने तुम्ही शेजाऱ्यांना फराळाला बोलावणार आणि त्यांच्या पंगतीला मात्र नाही म्हणणार. त्यामुळे हा प्रश्न टाळून भागत नाही.

दिवसाचे दोन भाग करून बघा. कडब्याची कोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, त्यांची पूजा, नैवेद्य, मग पिकावर आंबील शिंपडणं ही उपासना झाली. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली आंबील आणि वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवणं हे जेवण झालं. करिंथच्या मंडळीपुढे हाच पेच होता, कारण तिथल्या बाजारातलं मांस पुष्कळदा देवळात वाहिलेलं असे. प्रेषित पौलाने त्यांना पत्रात दिलेली वाट (१ करिंथ १०:२५-२८) आजही चालते : पुढे वाढलेलं चौकशी न करता खावं, पण कुणी मुद्दाम ‘हे वाहिलेलं आहे’ असं सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी ते घेऊ नये.

पाहुणे म्हणून जाताना आदल्या दिवशीच शेजाऱ्याला सांगा : ‘पंगतीला नक्की येतो, पूजेच्या वेळी बाजूला थांबतो.’ ऐनवेळी नैवेद्याचं ताट परत करण्यापेक्षा हे शंभरपट बरं. शेजारी अशा वेळी तुमचं ताट आधीच वेगळं काढून ठेवतात.

स्वतःच्या शेतात बोलवायचं असेल तर आधार बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात आहे. पहिल्या उपजाची टोपली, भूमीबद्दल देवाचे आभार, आणि अकराव्या वचनात लेवी (मंदिरसेवा करणारे) व उपरी (परके) यांच्यासह आनंद करण्याची आज्ञा. गावजेवणासाठी याहून मोकळी परवानगी कोणती हवी? कोप सावलीपुरती बांधा. येळवशीला ज्वारी अजून हिरवी असते, तूर शेंगांनी भरलेली असते आणि सोयाबीन कधीच मोंढ्यात गेलेलं असतं. म्हणून अर्पणाचं धान्य रास होते तेव्हाच मापून बाजूला काढा. त्या दिवशी स्तोत्र ६५ वाचा, नववं ते तेरावं वचन तर सगळं पाऊस, चर आणि धान्य यांबद्दलच आहे. दहा मिनिटांत प्रार्थना आटपा आणि पंगत बसवा. पाहुण्यांना प्रार्थनेला उभं राहायचा आग्रह करू नका. तुम्हाला जी सवलत हवी तीच त्यांनाही द्या.

एक प्रकार मात्र टाळा. पाच दगडांच्या जागी क्रूस रोवायचा आणि बाकी सगळं, चुना-नैवेद्य-शिंपडणं, जसंच्या तसं ठेवायचं. यात उपासना तीच राहते, फक्त खूण बदलते. शिवाय शेजाऱ्यालाही ती आपली नक्कल वाटते.

जाता जाता चर्चमधल्या कापणीच्या सणाबद्दल, ज्यात अर्पणाच्या धान्याचा लिलाव होतो. सोयाबीनवाल्या गावात तो ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात धरा. रब्बी ज्वारीवर धरायचा तर फेब्रुवारी-मार्च येतो आणि राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांत कधीही पडतो; मग उपवासकाळात लिलाव आणि जेवणावळ होते. अशा वेळी सण पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) ढकलावा. सोयाबीन चर्चच्या ओट्यावर ओलं टाकू नका. १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला की खरेदी केंद्रावर घेत नाहीत आणि पोत्यात बुरशी धरते. दोन उन्हं देऊन, वजन करून, देणाऱ्याच्या नावाने वहीत लिहून मगच बोली लावा.

केज तालुक्यातली आमची मंडळी लहान आहे. दिवाळीच्या सुमारास निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलला परततात. नाताळला चर्चमध्ये म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं उरतात. मंडळी कशी टिकवावी?

तुमचं वर्ष कारखान्याच्या गाळपावर चालतं, तेव्हा मंडळीचं वेळापत्रकही त्यावर बसवा. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ हे सगळं फडावर जातं, कधी पुनरुत्थानाचा रविवारही. पंचांग हलवता येत नाही, पण त्याभोवतीचं बरंच हलवता येतं.

मुकादमाची गाडी येण्याआधीच्या रविवारी निरोपाची उपासना आणि प्रभुभोजन ठेवा. त्याच दिवशी यादी करा : कोणता कोयता (तोडणारी जोडी) कोणत्या कारखान्याला, टोळीतल्या एकाचा फोन, सोबत किती लेकरं, गरोदर बाई आहे का. ही यादी पाळकाच्या खिशात राहून उपयोगाची नाही. एक प्रत चर्चमध्ये, एक टोळीबरोबर.

फडावर रविवार नसतो. पहाटे अंधारात तोडणी सुरू, रात्री गाडी भरणं. तिथे तासाभराची उपासना सांगणं म्हणजे होणार नाही तेच सांगणं. एका कागदावर दोन्ही बाजूंनी मोठ्या अक्षरात एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार आणि पाठ असलेली तीन गीतं छापून प्लॅस्टिकमध्ये बंद करून द्या. पुस्तकं कोपीत ओल आणि धुराने महिन्यात जातात. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं पुरे. टोळीतल्या वाचता येणाऱ्या एका बाईकडे हे काम सोपवा. टोळीची जबाबदारी म्हटलं की पुरुषाचं नाव पुढे येतं, पण गाडी कारखान्यावर रांगेत अडकली की तो रात्र-रात्र बाहेर असतो.

कारखाना अहिल्यानगर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर कुठेही असो, जवळच्या मंडळीच्या पाळकाला पत्र द्या : कोण येत आहे, बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) झालं आहे का. पत्र नसलं की परगावचा पाळक प्रभुभोजन देताना अडखळतो, आणि एकदा तसं झालं की माणूस पुन्हा त्या दारात जात नाही. कॅथलिक वाचकांसाठी : वर्षातून किमान एकदा पुनरुत्थानकाळात ख्रिस्तप्रसाद घेण्याचा जो नियम आहे, त्यातच योग्य कारण असल्यास तो वर्षात इतर वेळी पाळण्याची मुभा आहे (चर्चच्या कायद्यातला कॅनन ९२०). फड हे योग्य कारण आहे.

बाप्तिस्मे, दृढीकरणं, लग्नं मे महिन्यात घ्या. दृढीकरणाचे वर्ग दर रविवारी दोन महिने चालवण्याऐवजी मेमध्ये रोज संध्याकाळी दहा-बारा दिवस सलग घेता येतात. पंच कमिटीची निवडणूक आणि हिशेबाची सभा जानेवारीत असेल तर तीही मेमध्ये न्या. नाहीतर जे गावात राहतात त्यांचीच मंडळी होते आणि जे राबायला जातात ते कायमचे पाहुणे. हे कुणी मुद्दाम करत नाही, तारखेमुळे होतं.

आणि उचलीतून, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशातून, दशमांश मागू नका. उचल ही कमाई नाही, फेडायचं कर्ज आहे. काही मंडळ्या उचल हातात पडते त्याच आठवड्यात वर्गणी गोळा करतात, कारण तेव्हा पैसा दिसतो. हंगाम संपून हिशेब झाल्यावर जे उरेल त्यातून माणूस देईल; उरलं नाही तर मंडळीने त्याला द्यावं.

जालन्यात तरुणांना कीबोर्ड, ड्रम आणि पडद्यावरची हिंदी गीतं हवीत. ज्येष्ठांना ‘उपासना संगीत’ हे जुनं गीतपुस्तक, पेटी आणि टाळ. दर रविवारी रुसवेफुगवे.

ज्येष्ठ ज्याला परंपरा म्हणतात तीही एकदा नवीच होती. मिशनऱ्यांच्या पाश्चात्त्य चाली इथल्या कानांना परक्या होत्या, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंग-भजनं चर्चमध्ये आणली ती त्या चालींच्या शेजारी. तेव्हा वयावरून भांडू नका, गाणं मंडळीला गाता येतं की नाही ते बघा.

नवी गीतं पडतात ती बहुधा पट्टीमुळे. ध्वनिमुद्रणातला गायक चढ्या सुरात गातो; मंडळी अंतऱ्यावर गप्प होते आणि मंचावरचे चौघेच गात राहतात. कीबोर्डवर सूर दोन-तीन पट्ट्या खाली घ्या, आणि सगळ्यात वरचा सूर मागच्या बाकावरच्या आजीला लागतो का ते तपासा. एका उपासनेत एकच नवं गीत, आणि तेच चार रविवार. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी. जुन्या दगडी चर्चमध्ये उंच छतामुळे आवाज घुमतो, तिथे ड्रम शब्द खाऊन टाकतो, ढोलकी पुरते. टाळही बारा जणांनी वाजवायची गरज नाही, दोन जोड बस.

हिंदीबद्दल आमचं मत कडक आहे. प्रार्थना ज्या भाषेत रडते त्याच भाषेत गाणं असावं. हिंदी गीत चालेल, पण पोरांना एकही मराठी अभंग पाठ नसेल तर दोष पोरांचा नाही. शब्बाथ शाळेत तो कुणी शिकवला, ते विचारा.

२४ डिसेंबरच्या रात्रीसाठी : रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा लावायला मनाई आहे. सवलतीचे दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात, ते त्या वर्षीच्या आदेशात पाहून घ्या. आत, बंद सभागृहात आतल्यांपुरता ध्वनिक्षेपक चालतो. मांडव हे बंद सभागृह नव्हे.

वैजापूरकडच्या आमच्या कॅथलिक धर्मग्रामात मिस्साच्या (उपासनेच्या) वेळी समई, आरती, खाली बसणं सुरू झालं. हे फादरांच्या मनाचं आहे का?

नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली आणि १९६९ मध्ये भारतासाठी बारा मुद्द्यांना रोमची संमती मिळाली : जमिनीवर बसणं, पादत्राणं काढणं, पंचांग प्रणाम, आरती, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा वगैरे. कुठे किती वापरायचं ते बिशप ठरवतात. वृद्धांसाठी मागे खुर्च्या ठेवाच. समई पंख्याखाली ठेवू नका, ऐन अर्पणाच्या वेळी विझते. मग दोन सेवक काडेपेटी शोधत वेदीभोवती फिरतात.

छत्रपती संभाजीनगरहून : मुलगी ख्रिस्ती, मुलगा हिंदू. मुलाकडच्यांना कार्यालयात वैदिक लग्न हवं, आम्हाला चर्चमध्ये. दोन्ही करावं का? हळद, मंगळसूत्र चालेल का?

आधी कायदा. एक पक्ष ख्रिस्ती असेल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होत नाही. त्यासाठी दोघंही त्या कायद्याच्या अर्थाने हिंदू असावे लागतात (त्यात बौद्ध, जैन, शीखही येतात). सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये असं लग्न अवैध ठरवलं आहे. कार्यालयातल्या सप्तपदीवर विसंबून राहिलात तर पुढे वारसा आणि पेन्शनच्या वेळी मुलगी अडकेल.

मग वाटा दोन. १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा : एक पक्ष ख्रिस्ती असला तरी पुरतो, पण तुमचं चर्च तयार हवं. कॅथलिकांत बिशपांची विशेष परवानगी लागते. तिच्यासाठी ख्रिस्ती पक्ष आपला विश्वास टिकवण्याचं आणि मुलांना त्यात वाढवण्यासाठी शक्य ते करण्याचं वचन देतो, आणि दुसऱ्या पक्षाला ते कळवलं जातं. कायद्याने वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७. काही चर्चच्या धर्मगुरूंना सूट आहे, पण वरात लांबली म्हणून साडेसातला शपथा, असा धोका घेऊ नका. दुसरी वाट १९५४ चा विशेष विवाह कायदा : दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य, ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. त्यानंतर चर्चमध्ये आशीर्वादाची उपासना मागता येते. आमचा कल या दुसऱ्या वाटेकडे, कारण दोन्ही घरं बरोबरीने उभी राहतात. मात्र पत्रिका छापण्याआधी नोटीस द्या.

हळद घरची, ती घरीच लावा. चर्चला तिचं काही देणंघेणं नाही. मंगळसूत्र क्रूसाचं पदक घालून अंगठीबरोबर चालतं, फक्त शपथा आधी, मंगळसूत्र नंतर. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या बऱ्या, दगडी पायऱ्यांवर तांदळावरून माणसं घसरतात. सप्तपदी आणि होम हे मात्र दुसऱ्या श्रद्धेचे विधी आहेत. ते उरकून टाकायचे म्हणून करणं त्यांच्याही दृष्टीने बरं नव्हे. मुलाच्या आईवडिलांशी हे बोलायला पाळकांना पाठवू नका, स्वतः जा.