साठीच्या पुढच्या आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच मुंबई-गोवा क्रूझला जातोय. निपाणीहून निघताना काय तयारी करावी आणि जहाजावर कसं वागावं?

मुंबई-गोवा क्रूझ, आई-बाबा साठीच्या पुढचे, एवढं तुम्ही लिहिलंय, त्यावरून सांगतो. मी बेळगावचा, घरच्यांना घेऊन जाऊन आलोय.

पहिलं म्हणजे आदल्या दिवशी मुंबईत पोचा. एसटीच्या कंडक्टरला 'दोन मिनिटं थांबा की, म्हातारं माणूस येतंय' म्हणता येतं, जहाजाला नाही. सुटायच्या तास-दीड तास आधीच चेक-इन बंद होतं, मग धक्क्यावर उभं राहून कितीही हुज्जत घाला. निपाणीहून रात्रीची बस सकाळी पोचते हे खरं, पण हायवेचं काम आणि पुण्याची कोंडी कुणाच्या हातात आहे? टर्मिनल बॅलार्ड पियरला आहे, सीएसएमटीपासून जवळच. फोर्टात एक रात्र काढलीत तर आई-बाबांची झोपही होते.

कागदपत्रं आजच काढून बघा. आपल्या भागात ही खरी डोकेदुखी आहे. कुणाच्या आधारवर आडनावाऐवजी नुसतं इनिशियल, कुणाचं नाव कन्नडातून इंग्रजीत येताना एक अक्षर बदललेलं, आणि 2014 च्या नोव्हेंबरात बेळगावचं सरकारी नाव बदलल्यापासून जुन्या कागदांवर 'बेलगाम', नव्यांवर 'बेळगावी'. गावाच्या नावावरून सहसा कुणी अडवत नाही, पण माणसाचं नाव तिकिटावर ओळखपत्राप्रमाणेच हवं. बुकिंग करणाऱ्या एजंटाला तोंडी सांगू नका, आधारचा फोटो पाठवा. पुढे कधी सिंगापूरकडची क्रूझ घेतलीत तर पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक लागते, आणि व्हिसावर किती वेळा आत येता येतं तेही बघावं लागतं, कारण जहाज मध्ये दुसऱ्या देशात जाऊन परत येतं.

मोठी बॅग टर्मिनलवर घेतात आणि केबिनपाशी कधी कधी संध्याकाळी पोचवतात. म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या, ओळखपत्रं, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड यांतलं काहीही नेऊ नका, काढून घेतात. आईंना आधीच सांगून ठेवा की निरांजन आणि उदबत्तीही चालत नाही. भर समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते, त्यामुळे या बाबतीत कुणी ऐकून घेत नाही. देवाचा छोटा फोटो न्या, हात जोडा, झालं. घरचं जेवण न्यायलाही बहुतेक जहाजांवर बंदी असते.

गोव्याला जाताना चोर्ला घाटाच्या वळणांवर ज्यांना मळमळतं त्यांनी केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी मागावी, तिथे डोलणं सगळ्यात कमी जाणवतं. वरची, टोकाची केबिन फोटोत छान दिसते, पण हलतेही तीच जास्त. उलटीची गोळी त्रास सुरू झाल्यावर नव्हे, आधी घ्यायची असते. मात्र ती गुंगी आणते आणि वयस्करांच्या इतर औषधांशी जमेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. बरं वाटेना तर मोबाईलमध्ये डोकं घालू नका, डेकवर जाऊन दूर क्षितिजाकडे बघा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल झोंबतं, विमा काढलेला बरा.

चढल्यावर सगळ्यांना जमा करून सुरक्षेची कवायत घेतात. लोक कंटाळतात, सेल्फी काढतात, काही तर केबिनमध्ये लपून बसतात. कृपा करून असं करू नका. जानेवारी 2012 मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटली, 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. तेव्हा ती चोवीस तासांत घेतली तरी चालायची. 2015 पासून नियम बदलला, आता सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर ती घ्यावीच लागते. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी, हे आई-बाबांना पाठ करून द्या. आपली जमायची जागा कोणती, तिथवर जिन्याने कसं जायचं, हेही त्यांना एकदा चालून दाखवा.

आता वागण्याचं. केबिनच्या भिंती पातळ असतात. रात्री पॅसेजमध्ये मोठ्याने गप्पा, स्पीकरवर फोन, दारं आपटणं नको. पोहण्याच्या तलावाजवळच्या खुर्चीवर टॉवेल टाकून दोन तास गायब होणं ही सगळ्या जहाजांवरची जुनी भांडणं. बुफेला जाताना प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. नुसत्या सॅनिटायझरने नोरोव्हायरस हा पोट बिघडवणारा विषाणू जात नाही, आणि बंद जागेत हगवण-उलटी झपाट्याने पसरते. ताटात हवं तेवढंच घ्या, बुफे पुन्हा उघडतो.

आणि समुद्रात काही टाकायचं नाही. नारळ, निर्माल्य, काहीच नाही. श्रद्धेचा भाग आहे हे मला कळतं, पण आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे. बाल्कनीतून टाकलेलं सिगारेटचं थोटूक तर वाऱ्याने खालच्या कुणाच्या तरी बाल्कनीत येऊन पडतं.

केबिन आवरणारा मुलगा एकटाच पुष्कळ खोल्या सांभाळतो, महिनोन् महिने घरी जात नाही. त्याला नावाने हाक मारा. गोव्या-मंगळूरकडची मुलंही भेटतात, कोकणीत दोन शब्द बोललात तर चेहरा खुलतो. परदेशी जहाजांवर टिप माणशी-दिवसाला आपोआप बिलात लागते, म्हणून देण्याआधी बिल बघा.

किनारा सुटला की फोन एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला तो आपोआप जोडला गेला तर रोमिंगचं बिल बघून घाम फुटेल. इंटरनेट, दारू, जहाजाच्या फोटोग्राफरने काढलेले फोटो, हे सहसा तिकिटात धरलेलं नसतं.

गोव्यात स्वतःची टॅक्सी करून फिरणार असाल तर परतीच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी बंदरात या. जहाजाने नेलेल्या सहलीला उशीर झाला तर ते सहसा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबणार नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी घालायचे कपडे आधी बाजूला काढून ठेवा, नाहीतर बाबा लुंगीवरच उतरतील. उतरायला वेळ लागतो, परतीची गाडी दुपारनंतरचीच काढा.