अमेरिकेत घटनात्मक नियम बदलला, तर जुन्या कैद्याला पुन्हा अर्ज करता येतो का?

तुमच्या प्रश्नातल्या कैद्याचं अपील संपलंय, एक हेबियस अर्जही (कैद बेकायदा आहे म्हणून सोडा, असा कोर्टाकडे केलेला अर्ज) फेटाळला गेलाय, आणि त्यानंतर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या फायद्याचा नवा नियम घालून दिलाय. आता दुसरा अर्ज चालेल का? बहुतेक वेळा नाही.

घोडं अडतं ते अशा अर्जांवर मर्यादा घालणाऱ्या १९९६ च्या कायद्यातल्या एका शब्दावर. दुसऱ्या अर्जासाठी नवा नियम सुप्रीम कोर्टाने पूर्वलक्षी, म्हणजे जुन्या शिक्षांनाही लागू, 'केलेला' असावा लागतो. 'टायलर विरुद्ध केन' (२००१) मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरलं की 'केलेला' म्हणजे खुद्द सुप्रीम कोर्टाने तसा निर्णय दिलेला. खालच्या कोर्टाने 'हा नियम मागेही लागू व्हायला हवा' असं कितीही पटवून दिलं, तरी उपयोग नाही.

मग कोर्ट कोणता नियम मागे लागू करतं? ढोबळ भेद असा: अमुक माणसाला अमुक शिक्षा देताच येत नाही, असं सांगणारा नियम मागे जातो; खटला कसा चालवायचा एवढंच सांगणारा जात नाही. अल्पवयीन गुन्हेगाराला सरसकट पॅरोलविना जन्मठेप देऊ नये, हा २०१२ चा नियम २०१६ मध्ये मागे लागू झाला. त्या खटल्यातला हेन्री माँटगोमेरी सतराव्या वर्षी, १९६३ मध्ये आत गेला आणि २०२१ मध्ये, पंचाहत्तरीत सुटला. उलट, ज्युरी एकमताची हवी हा २०२० चा नियम घ्या. लुइझियानात पूर्वी १०-२ मतांनीही माणूस दोषी ठरायचा. तरी 'एडवर्ड्स विरुद्ध व्हॅनॉय' (२०२१) मध्ये कोर्टाने सांगितलं की संघीय (केंद्राच्या) कोर्टात हा नियम जुन्या शिक्षांना लागू नाही. मला हा निकाल आजही पचत नाही. राज्यांना मात्र आपल्या कोर्टांत जास्त उदार होता येतं. ओरेगॉनच्या सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हाच नियम मागे लागू केला.

खरी मेख मुदतीची. अर्ज करायची एक वर्षाची मुदत नियम पहिल्यांदा मान्य झाल्यापासून मोजतात, तो पूर्वलक्षी ठरल्यापासून नव्हे. बेकायदा शस्त्र बाळगणाऱ्या सराईतांची किमान १५ वर्षांची शिक्षा ज्यावर उभी होती, त्यातलं एक मोघम कलम सुप्रीम कोर्टाच्या 'जॉन्सन' निकालाने २६ जून २०१५ ला उडवलं. ते पूर्वलक्षी ठरलं १८ एप्रिल २०१६ ला. म्हणजे हाती उरले जेमतेम सव्वादोन महिने. त्यातच आधी अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांची परवानगी काढायची. ती नाकारली, तर तेव्हा त्यावर अपीलही नव्हतं.

आणखी एक. नियम घटनात्मकच हवा. सुप्रीम कोर्टाने नुसता कायद्याचा अर्थ बदलला आणि त्या अर्थाने कैद्याचं कृत्य गुन्हाच उरला नाही, तरी २०२३ च्या 'जोन्स विरुद्ध हेंड्रिक्स'नंतर संघीय कैद्याला त्या मुद्द्यावर दुसरा अर्ज करता येत नाही.