मार्क भरपूर, पण बँकेत एकटा जात नाही

"मॅडम, अभ्यासात हुशार आहे हो, पण व्यवहारज्ञान शून्य." बारावीचा निकाल लागून कॅप राउंड सुरू झाले की हे वाक्य समुपदेशक म्हणून मी दरवर्षी इतक्या आईबाबांकडून ऐकते की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. त्यातल्याच एका मुलाची ही गोष्ट, तपशील अर्थातच बदललेत.

हा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला. दिवाळीत घरी आला तो परत जायलाच तयार नाही. खोदून विचारल्यावर कळलं की ताप आला तेव्हा दोन दिवस रूमवर नुसता पडून होता, कारण दवाखान्यात एकट्याने जाऊन काय बोलायचं तेच माहीत नाही. आधीची रूम सोडली तर मालकाने डिपॉझिट दिलं नाही आणि याने मागितलंही नाही.

आई म्हणाली, "आम्ही काही कमी पडू दिलं नाही. नॉन क्रिमीलेअरसाठी बाबा सेतूच्या रांगेत उभे राहिले, खातं मी उघडून दिलं, त्याला म्हटलं तू फक्त अभ्यास कर."

पहिली काही सेशन्स तो "मला काही जमत नाही" एवढंच म्हणत राहिला. मग एकदा मी बँकेचा विषय काढला.

"स्लिप भरताना काय होतं?"

"रकाने कळत नाहीत."

"मग विचारायचं."

"ते म्हणतील इंजिनिअरिंगला आहेस ना, एवढंही कळत नाही?"

"समजा म्हणाले. मग?"

"मागचे लोक बघतील."

"बघू देत. मग?"

बराच वेळ गप्प बसला. मीही मधे बोलले नाही, अशा वेळी घाई करायची नसते. शेवटी स्वतःच हळूच म्हणाला, "मग काही नाही. ते सांगतील कुठे काय लिहायचं."

इथे गाठ सुटली. स्लिप भरणं, तिकीट काढणं, भात लावणं या गोष्टी दहा मिनिटांत येतात, यूट्यूबवर सगळं आहे. मुलं अडतात ती "मला माहीत नाही, सांगता का?" हे अनोळखी माणसासमोर म्हणण्यापाशी. शाळेत दहा-बारा वर्षं प्रत्येक "येत नाही"ला मार्क कापले जातात, आणि ज्याचे कधी फारसे कापलेच गेले नाहीत त्याला तर ते म्हणायची सवयच नसते, म्हणून हुशार मुलं यात जास्त अडकलेली मी बघते.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसना मानणारी. ते 19 वर्षांचे असताना मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे, तर त्यांनी ठरवून न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जाऊन बाकावर बसलेल्या शंभरेक अनोळखी मुलींशी बोलणं सुरू केलं. भेटायचं ठरलं एकीशीच, तीही आली नाही, पण भीती गेली. हे ऐकून तो माझ्यासमोर पहिल्यांदा हसला. मग त्याला काम दिलं, रोज एका अनोळखी माणसाला "माहीत नाही, सांगता का" म्हणायचं, मेडिकलवाला असो की एसटी स्टँडची चौकशी खिडकी. काम झालं नाही तरी चालेल, विचारायचं मात्र. आणि आईला सांगितलं, सोबत जायचं नाही.

बँकेत गेला, दोरीला बांधलेल्या पेनाने स्लिप भरली आणि अक्षरी रकमेच्या जागी खातेनंबर लिहिला. काउंटरवरच्या बाईंनी दुसरी स्लिप पुढे सरकवली. "मॅडम, त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही!" हे सांगताना त्याचा चेहरा बघायला हवा होता, माझ्या कामाचं समाधान मला अशाच चेहऱ्यांतून मिळतं.

पुढे डिपॉझिटसाठी त्याने वाक्यं आधी कागदावर लिहून मालकाला फोन केला, दोनतीनदा करावा लागला. पैसे मिळाले, रंगाचे कापून, आणि त्या कापलेल्या पैशांचा हिशोबही त्याने मागितला.

हे फक्त लाजाळूपणापुरतं नाही. ज्याला "थांबा, मला कळलं नाही, घरी विचारून सांगतो" म्हणता येत नाही तोच फोनवरच्या दरडावणाऱ्या आवाजाला घाबरून ओटीपी देऊन बसतो. मुलांना एवढं तरी पक्कं माहीत हवं की यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, "डिजिटल अरेस्ट" नावाचं कायद्यात काही नाही, आणि फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 ला फोन करायचा. आणि हे घरी सांगितल्यावर ओरडा बसणार नाही, ही खात्री तुम्ही द्यायची.

सुरुवात अठराव्या वर्षी कशाला? दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं, रिझर्व्ह बँकेने 2025 मध्येही तसं सांगितलंय. सातवी-आठवीतल्या मुलाला खातं काढून द्या, महिन्याचे पैसे त्यातच टाका. पंधराव्या तारखेलाच संपले तर मधेच भरपाई करू नका. दवाखान्यात सोबत जा, पण काय होतंय ते डॉक्टरांना त्याला सांगू दे, तो अडखळला तरी तुम्ही वाक्य पूर्ण करू नका. गॅस बुकिंगचा पुढचा फोन त्याच्या हातात द्या आणि दुसऱ्या खोलीत जा.