हॅम्बुर्गच्या थंड, ओल्या हवेत गांजाचे तुरे आतून सडतात. कोणतं औषध मारू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॅम्बुर्गला राहता, कायद्याने मुभा मिळाल्यावर बाल्कनीत इंडिका-सॅटिव्हा हायब्रिडची (गांजाच्या दोन प्रकारांच्या संकराची) तीन रोपं लावलीत, सप्टेंबरपर्यंत झाडं जोमात होती आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जाडजूड तुरे आतून तपकिरी होऊन सडले. आता पुढच्या वर्षी कोणतं औषध मारायचं?

औषध मारू नका. एक तर तुऱ्यावर मारलेलं औषध धुरावाटे थेट फुप्फुसात जाणार. दुसरं म्हणजे तुमची चूक फवारणीत नाही, तारखेत आहे.

हा रोग म्हणजे बोट्रायटिस, करडी बुरशी. द्राक्षांचे घट्ट घड आतून सडवते तीच. तिला १५ ते २० अंश तापमान आणि काही तास न सुकणारी ओल एवढंच लागतं. साधं हायब्रिड झाड रात्र मोठी व्हायला लागली की फुलावर येतं. हॅम्बुर्ग ५३.५ अंश उत्तरेला आहे, तिथे जूनचा दिवस सतरा तासांचा. त्यामुळे झाड ऑगस्टमध्ये कुठे फुलायला लागतं आणि तुरे भरतात ते ऑक्टोबरात. म्हणजे सगळ्यात घट्ट तुरा नेमका त्या दिवसांत, जेव्हा पहाटेचं दव दुपारपर्यंत हटत नाही. जुलैतही तिथे पाऊस भरपूर पडतो, पण रात्र लहान असते आणि सर येऊन गेली की झाड दोन-तीन तासांत सुकतं. फरक पावसाचा नाही, सुकायला लागणाऱ्या वेळाचा आहे.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: ऑटोफ्लॉवर हायब्रिड लावा. यात रुडरॅलिसचं रक्त असतं. रशियातली ही रानटी जात यानिशेव्हस्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ साली नोंदवली. ती दिवस-रात्रीचं गणित पाहत नाही, वयाने फुलते. बहुतेक ऑटो बियाण्यापासून ७० ते ८५ दिवसांत काढणीला येतात. बी फेमिनाइज्डच (फक्त मादी झाडं देणारं) घ्या, नाहीतर तीनपैकी एखादं झाड नर निघून बाकीच्यांच्या तुऱ्यांत बी भरेल. वर्णनात ‘घट्ट, वजनदार तुरे’ असं लिहिलेली जात मोहात पडून घेऊ नका. तुमच्या हवेत सैल, लांबट तुराच टिकतो.

५ मेच्या आसपास घरात खिडकीशी बी टाका. मेच्या मध्यापर्यंत तिकडे रात्री गारठतात, म्हणून १५ मेनंतरच बाहेर काढा आणि रात्री १० अंशांखाली जाणार असेल तर कुंडी आत घ्या. चार आठवड्यांत पांढरे केसर दिसतील, जुलैच्या शेवटी काढणी. ऑटोला कुंडी बदललेली सोसत नाही. मुळं अडखळली की हातातला आठवडा गेला, आणि त्याचं आयुष्यच अकरा-बारा आठवड्यांचं. त्यामुळे बी थेट शेवटच्या कुंडीतच लावा: १५ लिटरची कापडी कुंडी, तिच्यात ९ लिटर हलकी, कमी खताची कुंडीमाती, ४ लिटर परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि २ लिटर गांडूळखत. मातीचा सामू (pH) ६ ते ६.८. कुंडी जमिनीवर टेकवू नका, चार विटांवर ठेवा. खालून वारा लागला तर बूड ओलं राहत नाही.

पाणी वाफसा पाहून. पहिलं पाणी दिल्यावर कुंडी उचलून वजन लक्षात ठेवा, निम्म्याने हलकी लागेपर्यंत पुन्हा देऊ नका. थंडीत पानं मलूल दिसली की लोक आणखी पाणी ओततात, आणि तिथेच मुळं गुदमरतात. देठ जांभळे पडून वाढ थांबली तर बहुतेक वेळा माती गार आहे. गार मातीतून स्फुरद उचललं जात नाही. खत वाढवून उपयोग नाही, कुंडी उन्हात सरकवा. फुलं धरली की नत्र कमी करा. जास्त नत्राने पान लुसलुशीत होतं आणि बुरशीला मऊ घास मिळतो.

शेंडा खुडू नका, ऑटोला भरून यायला वेळ नसतो. विसाव्या दिवसाच्या सुमारास मुख्य खोड मऊ दोरीने हळूहळू आडवं वळवून बांधा, म्हणजे एका जाड तुऱ्याऐवजी सात-आठ मध्यम तुरे येतात. मग विरळणी: आतली, उजेड न लागणारी पानं दोन-तीन दिवसांच्या अंतराने थोडी थोडी काढा. वर पारदर्शक पॉलीकार्बोनेटचा पत्रा तिरका लावा, पण बाजू मोकळ्या ठेवा. चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं तर आतली दमट हवा पावसापेक्षा वाईट.

शेवटचे तीन आठवडे रोज सकाळी तुरे पाहा. हिरव्यागार तुऱ्यातून एकच बारीक पान पिवळं, वाळकं डोकावत असेल तर ते चिमटीत धरून ओढा. सहज निघून आलं आणि त्याचं बूड तपकिरी, लिबलिबीत असेल तर आत सड सुरू झाली आहे. तुरा उकलला की करडी लव दिसेल. सडक्या भागाच्या तीन-चार सेंटिमीटर खालून, निरोगी देठात कापा, तुकडा पिशवीत बंद करूनच बाहेर न्या, कात्री दर कापाला ७० टक्के स्पिरिटने पुसा. चाळीतल्या कांद्यासारखं आहे हे, एक सडका राहिला तर शेजारचे जातात. काळी बारीक विष्ठा दिसली तर अळी आहे. ती पोखरते तिथूनच सड शिरते. सडलेला तुरा वाळवून वापरायचा विचारही करू नका, श्वासातून गेलेली बुरशी दमेकऱ्याला किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला महागात पडते. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी, वेगळा रोग. फुलं येण्याआधी लिटरला ५ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट चालतं, नंतर नाही.

काढणी भिंगातून ठरवा: राळेचे दाणे काचेसारखे असतील तर थांबा, बहुतेक दुधाळ झाले की कापा. चार दिवस सलग पावसाचा अंदाज असेल तर थोडं आधी कापलेलं परवडतं. वाळवण घरातच, अंधारात, १८ ते २० अंश आणि ५५ ते ६० टक्के आर्द्रतेत. पंखा हवा हलवण्यापुरता, तुऱ्यांवर रोखलेला नको. आठ-दहा दिवसांत बारीक काडी वाकण्याऐवजी कट् करून मोडते, तेव्हा बरणीत भरा. बरणीतला आर्द्रतामापक ६५ च्या वर गेला तर पुन्हा पसरा.

आणि तीनही झाडं एकदम लावायची घाई नको. १ एप्रिल २०२४ च्या जर्मन कायद्याने प्रौढाला घरी तीन झाडं ठेवता येतात, पण वाळलेला माल घरात ५० ग्रॅमपर्यंतच. वरचा नष्ट करावा लागतो, कुणाला देताही येत नाही. नीट वाढलेलं एक ऑटोही त्याच्या जवळपास जाऊ शकतं. झाडं मुलांच्या आणि परक्यांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवणंही बंधनकारक आहे. हे वाचून महाराष्ट्रात कुणी परसात बी टाकू नये: भारतात १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली परवान्याशिवायची लागवड गुन्हा आहे.